दोन रांगा

कायानीहून पहाटेच्या गाडीनं निघालो,
चौघं, आणि ओत्सोचा लाकडी बेडूक.
हेलसिंकीत घर बघायचं होतं. म्हणजे मला कल्लिओत,
आणि इल्मारीला कुठेही, गाडी लावायला जागा असली की झालं.

कल्लिओबद्दल सगळे एकाच सुरात बोलतात.
तिथली कॉफी, तिथली माणसं,
तिथे जुने कपडे नव्याहून महाग.
मीही तसंच बोलत आले, बारा वर्षं,
दुपारी तीनला अंधार पडला की हटकून,
जणू तिथे दिवा लावून
कुणी माझीच वाट बघत बसलंय.

पाचवा मजला. सत्तेचाळीस चौरस मीटर.
एजंट पोरसवदा, बूट दाराशी काढून मोज्यांवर उभा,
मोज्याला अंगठ्यापाशी भोक.
तेवढ्यावरून मला तो आवडला.
"खिडकीतून टेकडीवरचं चर्च दिसतं," तो म्हणाला.
दिसतं. ओट्यावर चढून मान वाकडी केली, तर.
"झोपायच्या खोल्या किती?" इल्मारीनं विचारलं.
"मानाल तितक्या," म्हणाला, आणि स्वतःच ओशाळला.

तळघरात सगळ्यांची मिळून एक सौना,
वहीत वार आणि नावं, पेन्सिलीनं,
म्हणजे खोडता येतील अशी.
अंगणात गालिचे झोडपायची लोखंडी दांडी,
तिला ओत्सो जो लोंबकळला
तो खाली यायचं नाव घेईना.
कचरा टाकायला आलेल्या केर्तूबाई थबकल्या.
त्र्याऐंशी वर्षांच्या. म्हणाल्या,
"याच जिन्यात आम्ही एका खोलीत सात जण होतो.
तेव्हा ही जागा कुणी निवडत नसे.
दुसरीकडे न मावलेली माणसं इथे उरायची."
मग पिशवीची गाठ मारत,
"आता म्हणे इथे सगळे निवडून येतात."

वेन्लाला पाव आणायला धाडलं होतं.
कोपऱ्यावरची बेकरी, नाव सगळ्या देशात,
रांग असेल, उभी राहा, ही घे दहाची नोट.
ती अर्ध्या तासानं आली.
राईचे दोन पाव, कालचे वेलदोड्याचे बन,
एक मऊ पडलेली काकडी,
आणि मुठीत दहाची नोट, तशीच.
"त्यांनी पैसे घेतलेच नाहीत."

इल्मारीचे कान लाल झाले.
"कुठल्या रांगेत उभी होतीस?"
"लांब होती तिच्यात. तुम्हीच म्हणालात, रांग असेल."
पुढच्या आजोबांनी तिला आपल्या पुढे घेतलं होतं,
थंडी आहे, पुढे हो, म्हणाले होते,
घरी किती जण, विचारलं होतं.
तिनं खरं सांगितलं: चार.

मी रस्त्यावर जाऊन बघितलं.
बर्फ वितळून मागे राहिलेली खडी बुटांखाली करकरत होती.
ट्रामच्या रुळांच्या अल्याड एक रांग, पल्याड एक,
बाबागाड्या दोन्हींत.
पलीकडची संपत आली होती.
टेबलं घडी करणाऱ्या बाईला मी नोट पुढे केली.
"पेटी तिकडे आहे," ती म्हणाली, वर न बघता.
पेटीपर्यंत गेले. का कोण जाणे, परत आले.
नोट अजून माझ्या कोटात आहे.

पार्कातल्या बाकावर इल्मारीनं खिशातल्या चाकूनं पाव कापला.
राईचा पाव शिळाच चांगला, आई म्हणायची.
खरं आहे ते. चावायला मात्र वेळ लागतो,
आणि चावताना कुणाला काही बोलता येत नाही.

दिवा लावून कुणी बसलं नव्हतं माझ्यासाठी इथे.
पुढे हो, एवढं मात्र कुणीतरी म्हणालं,
तेही मला नाही.

केरावाच्या एजंटचा फोन वाजू लागला,
चार खोल्या, स्वतःची सौना, दोन गाड्यांची जागा.
इल्मारीनं तोंडातल्या घासाकडे बोट दाखवून
तो माझ्याकडे सरकवला.
मी उचलला. म्हटलं, हो, येतो आहोत,
दोन वाजता.
मांडीवरचे कण झटकले नाहीत.
एक चिमणी अगदी जवळ आली होती.