खिळेजुळारी

माझा आजा उलटं वाचायचा.
त्यात नवल नाही, जुळाऱ्याचं कामच ते:
उजवीकडचं डावीकडे, शिसं आपल्या हातात,
अर्थ उद्या सकाळी, दुसऱ्याच्या.

नाव न्शान. म्हणजे खूण.
इस्तंबूलला, वजिरांच्या कचेरीखालच्या उतारावर
तळघरात छापखाना.
वर्तमानपत्राची भाषा तुर्की, लिपी आमची,
कारण आमच्यातल्या कितीकांना
बोलता येई फक्त राज्यकर्त्यांचं
आणि वाचता येई फक्त आपलं.

दफ्तरात आम्ही इमानी रयत.
इमानी, म्हणजे कर चालतो, साक्ष चालत नाही.

संध्याकाळी लाल टोपीतला एक सज्जन येई.
वाईट नव्हता म्हणे. खोकल्याने बेजार.
आजा त्याला काढा करून देई
आणि तो घोट घोट पीत
लाल पेन्सिलीने शब्द मारी.
वतन नको.
तारा नको, सुलतानांच्या महालाचं नाव तेच आहे.
हायास्तान तर नकोच:
असा देशच नाही, तर शब्द आला कुठून?
आणि हे बघ न्शान एफेंदी,
मोकळी जागा सोडायची नाही.
मोकळी जागा लोक वाचतात.

मग आजा भोकात हरभऱ्याचे भाव भरी,
कधी खोकल्याच्या औषधाची जाहिरात.
सज्जन विचारी, खरंच गुण येतो का हो याने?

उपटलेले खिळे परत खणात टाकायचे, हा नियम.
आजा टाकत नसे.
हलव्याचा एक रिकामा पत्र्याचा डबा होता.
आमच्या अडतीस अक्षरांत एकाचं नाव ‘हो’,
हायास्तानचं पहिलं.
मालक दर महिन्याला ओरडे:
‘हो’ जातात कुठे? या घरात ‘हो’ पुरतच नाहीत!

कागदाचे गठ्ठे आणी हारो, मूशकडचा हमाल.
त्याच्या गावचं धान्य आधी सरकारने नेलं,
उरलेलं डोंगरातल्या आगाने,
मग पाठ उरली, ती घेऊन तो राजधानीत आला.
पाठीवर कातड्याचं खोगीर, पगाराला अंगठा.
एकदा म्हणाला, माझं अक्षर दाखव.
आजाने तळव्यावर एक ‘हो’ ठेवला.
हारोने तो तोलून पाहिला,
जगातलं सगळंच तोलायचा तसा.
एवढंच?
हे तर मी दिवसभर वाहीन.

नंतर ऑगस्टातले ते दिवस.
सोटे नवे होते, सगळे एका मापाचे,
आई एवढंच सांगे.
कुणी कापून ठेवले, कधीपासून, ते नाही.
हमाल पाठीवरून ओळखू येतात.

छापखाना उघडला तेव्हा सज्जन आला.
काढा नको म्हणाला.
मजकूर त्याने लिहूनच आणला होता:
शहरात स्वस्थता आहे.
आजाने जुळवला. एक चूक नाही.
मी त्याला याची माफी दिली नव्हती, कितीतरी वर्षं.
मग मला मुलं झाली.

कागद दुसऱ्या कुणाच्या पाठीवरून आला.

डबा बैरूतला कसा पोचला ते लांबण आहे.
आई तो बस्तुर्म्यावर दाब म्हणून ठेवी.
आत काय, कुणी विचारलं नाही.
जड आहे, एवढं पुरे होतं.
ती गेल्यावर मी झाकण उचकटलं.
शब्द सगळे सुटून गेलेले,
कुठला खिळा कशातला, पत्ता नाही.
बसले जुळवत. काहीबाही झालं.
हरभरेसुद्धा झाले असते.

‘हो’ मात्र ढीगभर.
एक उचलून अंगठ्यावर दाबला.
उमटला तो सुलटा,
कॉफी उतू जाईपर्यंत टिकला.
देशाचा होता की हमालाचा,
शिशावरून कळत नाही.