प्रश्न सत्ताविसावा

सेलूहून सकाळची बस. उतरलो तेव्हा साडेदहा.
फायलीत साठ घरं, दहा वर्षांपूर्वीचीच साठ,
कारण पद्धतच अशी: त्याच दारात परत जायचं,
तेच प्रश्न, त्याच क्रमानं, आणि चेहरा कोरा ठेवायचा.

बावीस दारांना कुलूप.
कुलपांवर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, गंजू नये म्हणून;
म्हणजे यायचं आहे कुणाला तरी, निदान लग्नसराईत.
मी लिहिलं: स्थलांतरित. चाकण, वाळूज, एक जण कतार.

सत्तावीस: तुमच्यानंतर शेती कोण करणार?
एक मुलगा, दोन मुलगी, तीन सून, चार भाऊबंद,
नऊ म्हणजे सांगता येत नाही.
नऊ इतके काढलेत
की पेन आता त्या वळणावर आपसूक वळतं.

एक्केचाळीस नंबरचे आसाराम घुले
गेल्या खेपेला म्हणाले होते, "एक लिहा."
त्यांचा एक आता टायरच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
"लिहिलेलं खोडता येतंय का?"
म्हणलं, जुनं खोडत नाही, शेजारी नवा रकाना असतो.
"बरंय तुमचं."

मग जमीन?
"आता परमेश्वर बघतो."
मी पेन उचललं; असली वाक्यं रकान्यात बसत नाहीत.
तर त्यांनी हनुवटीनं ओढ्यापलीकडं दाखवलं:
तुरीच्या ओळीत, पाठीवर पंप घेतलेला पोरगा,
सटवाजी सालगड्याचा धाकटा. नाव परमेश्वर.

दहा वर्षांपूर्वी तो माझ्या नमुन्यात नव्हता.
नसणारच. नमुना सातबाऱ्यावरून काढलेला.
सात घरांची एकोणतीस एकर तो एकटा करतो, बटईनं,
पाडवा ते पाडवा, तोंडी.
वय चोवीस. नावावर एक मोटारसायकल.
संध्याकाळी सात मालकांना सात फोटो पाठवतो,
तिकडून अंगठे येतात.

मातीसाठी खड्डा त्यानंच खांदला,
व्हीच्या आकाराचा, मी न सांगता.
पिशवीवर चिठ्ठी लावता लावता मी बोलून गेलो,
इथला कर्ब दहा वर्षांत निम्म्यावर आलाय,
शेणखत घालत नाहीस का?
तो हसला नाही.
"सर, खत मुरायला तीन सालं लागत्यात.
मला जमीन एक सालाची.
पुढच्या पाडव्याला दुसऱ्याकडं गेली
तर मपलं खत काय उपसून न्यावं?"

माझ्या प्रबंधात टिकाऊपणा तिसऱ्या प्रकरणात,
वारसदार सातव्यात,
मधे नव्वद पानं आणि तारांकित आकडे.
त्याच्या हातात एक ढेकूळ होतं.
ते त्यानं फोडलं, बोटं विजारीला पुसली, पंप पुन्हा चढवला.

तरी बांधालगतच्या एका पट्ट्यात
माती वेगळी दिसली, मऊ, गांडुळांनी वर काढलेली.
इथं काय?
मान फिरवून म्हणाला,
"तिथं माय टाकती, टोपल्यानं. लई सांगितलं तिला."

परतीच्या बसमध्ये अर्ज चाळत बसलो.
सत्ताविसाव्याला पाचवा पर्याय हवा,
असं समासात पेन्सिलीनं लिहिलं.
त्या पर्यायाला काय म्हणायचं ते मानवत रोड येईपर्यंत सुचलं नाही,
नंतर दिवे गेले.

पाथरीजवळ माझीही साडेचार एकर आहे.
माझ्या दारात कधी कुणी अर्ज घेऊन आलं नाही.
जो करतो त्याला वर्षातून एकदा फोन लावतो, पाडव्याला.
मोबाइलमध्ये त्याचं नाव मी साठवलंय: शेत.
त्या रात्री लावला.
शेत वाजत राहिलं. पाडवा चार महिने लांब.
उचलला तेव्हा धाप लागलेली त्याला,
"मालक? काय चुकलं का मपलं?"