कूलर भरायची पाळी

तक्ता मी भिंतीला सेलोटेपने लावला होता.
एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सेलोटेपचा डिंक वितळला
आणि अख्खा आठवडा, सोमवारसकट,
प्रांजूच्या गादीवर येऊन पडला.

सिव्हिल, तिसरं वर्ष. सात रकाने.
मंगळवारी काँक्रीटचे ठोकळे मशीनखाली फोडायचे,
बुधवारी सर्व्हेचं जर्नल,
गुरुवारी पोलादी तुळईची शीट, जिच्यावर ढबाले सर
लाल पेनने एकच शब्द लिहितात: पुन्हा.
आणि रविवारी, हिरव्या स्केचपेनने,
पाच ते सहा, मोकळा वेळ.
त्याखाली प्रांजूने पेन्सिलीने विचारलं होतं,
मंजुरी कोणाची?

त्या हिरव्या तासाला मी एकदाच गेले.
फुटाळ्यावर. सुगत होता, त्याचे दोन बॅकलॉग होते,
तिखट-लिंबू लावलेली दोन कणसं होती.
पाच वीसला मी घड्याळ पाहिलं.
पाच एकतीसला पाहिलं.
सुगत म्हणाला, काऊन वं,
बसून राहिली का हजेरी लावून राहिली?
मी हसले, आणि हसता हसता
समोरच्या काठाची पातळी काढत होते,
एका डोळ्याने, दुसरा मिटून.
कणीस संपायच्या आधीच उठले.
जाताना जर्नलची पिशवी विसरले, म्हणून परत आले.
सुगत तिथेच होता. पाण्याकडे बघत.
त्याचं कसं होणार, असं मला वाटलं.
मग वाटलं, माझं?

उमरेडहून आई रोज विचारते,
जेवली का? झोप होते का?
मोकळी आहेस का, असं ती विचारत नाही.
तिच्याकडे भात मोकळा होतो,
न्हाल्यावर केस मोकळे होतात.
माणूस नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी
वर्धा रोडचा पूल काढला.
वरून स्कूटर जाते, मध्येच धडधड होते. तिथे काय असतं?
प्रसरण सांधा, मॅडम.
कशासाठी?
उन्हाने काँक्रीट फुगतं. फुगायला जागा नसली
तर पूल स्वतःलाच रेटतो.
किती जागा?
चाळीस मिलिमीटर, मी ठोकून दिलं.
आणि ती बुजली तर? मातीने, खड्यांनी?
उत्तर मला येत होतं.
ते तोंडाशी आलं आणि तिथेच बसलं,
बाहेर पंख्याखाली पुढचा रोल नंबर घाम पुसत होता.
दहापैकी सात.

या आठवड्यात कूलर भरायची पाळी माझी.
रात्री गच्चीवरच्या नळाला पाइप लावायचा,
दुसरं टोक खिडकीशी, टाकीत,
आणि धरून उभं राहायचं. अकरा मिनिटं.
सोडलं की पाइप उसळतो
आणि पाणी थेट घरमालकांच्या इन्व्हर्टरवर.
मोबाइल आत चार्जिंगला. हात ओले.
सुरुवातीचं पाणी इतकं तापलेलं
की नुसती चहापत्ती टाकावी.
मग कोमट. मग पाणी.
वाळ्याची ताटी भिजते, वास सुटतो,
पुलाच्याही वरून शेवटची मेट्रो जाते,
लखलखीत डब्यात तीन माणसं,
त्यातलं एक झोपलेलं.
खालच्या गल्लीत कोणी तरी बराच वेळ
स्कूटरला किक मारतंय.
सुरू होते. जाते.

मी काहीच मोजत नाही.
खोटं. अकरा मिनिटं मीच मोजली होती,
पहिल्या दिवशी, तक्त्यात बसतात का बघायला.
बसली नाहीत. कुठल्या रकान्यात घालणार,
काम होतं की नव्हतं ते?

आतून प्रांजू ओरडते,
झालं का बाप्पा? जीव चालला आमचा!
काठाला दोन बोटं ठेवून
मी पाइप दुमडते. पाणी थांबतं.
दुमडलेला पाइप मुठीत धडधडत राहतो.
थांब, मी म्हणते,
थोडं राहिलंय.