दोन तोंडांचं बीळ

गो.
एवढंच नाव त्या माशाचं, एका अक्षराचं.
जास्त बोलत बसायला ओहोटी थांबत नाही.

बुरानोच्या मागे, जिथे पाणी गुडघाभर
आणि चिखल मात्र मांडीपर्यंत,
तिथे बाबा जाळं न घेता उतरायचे.
मी नऊ वर्षांची, होडी धरून,
दात वाजत असायचे.

बिळाला दोन तोंडं असतात, एर्सिलिया.
एकावर पाय. दुसऱ्यात हात.
खांद्यापर्यंत हात आत, गाल पाण्याला टेकलेला,
डोळे मिटून असे उभे
जसं भिंतीपलीकडचं कुणी ऐकतंय.
मग बोटांना काहीतरी लागायचं
आणि बाबा हसायचे. मला नाही, त्याला.

तोनिन मासेवाल्याला सगळे सारखेच:
बुळबुळीत, मातकट, काट्यांची पोतडी,
उकळायचे, गाळायचे, पाण्यात भात शिजवायचा,
मासा मांजराला.

पण मार्च उलटला की कधीकधी
बाबांचा हात रिकामाच वर यायचा.
होता का?
होता.
मग?
छपराला अंडी चिकटवलीत. खाली पडून वारा घालतोय खुळा.
बोटाला चावला, पण जागचा हलला नाही.

त्या दिवशी आई नुसत्या कांद्यावर भात शिजवायची
आणि भांडी जरा जोरात ठेवायची.

आता मेस्त्रेचं इस्पितळ, चौथा मजला.
खिडकीतून खाडी दिसत नाही, गाड्यांची टपं दिसतात.
माझं नाव बाबांकडून कुठेतरी सांडलंय.
उजवा हात मात्र चादरीच्या घडीत शिरतो,
कोपरापर्यंत, सावकाश,
बोटं वरची बाजू चाचपत जातात.
नर्स म्हणाली, बांधावा लागेल हात, सारखी सुई निघते.
म्हटलं, थांबा जरा.

चादरीच्या दुसऱ्या टोकाने
मी माझी मूठ आत सरकवली.
बराच वेळ काही नाही.
मग त्यांची बोटं आली, थबकली,
माझ्या अंगठीवरून गेली,
लेस विणताना सुई घुसली होती त्या जुन्या व्रणावरून.
चावायला हवं होतं का, कळेना.
हलले मात्र नाही.

त्यांनी हात काढून घेतला, रिकामा,
आणि शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी माणसाला
हळूच सांगितलं:
आहे आत.
राहू दे.