खाप

दुर्भाटच्या धक्क्यावर, सोड्याच्या गाड्याला लागून
माझे तीन संगणक, एक पंखा,
आणि 'तासाक वीस रुपया' असा पुठ्ठा.
पियेदाद आली ती रासयच्या सकाळच्या फेरीतून,
पिशवीत भेंडी, मुठीत घामाने मऊ झालेला कागद:
आल्मा दोरोतेया, निशाण पनामाचं.
तिचा मिंगेल तिथं इंजिनाला तेल घालतो.

कंपनीच्या पानावर सत्तावीस जहाजं,
वर हसणारा कप्तान, खाली शेअरचा भाव.
तिने बोटानेच बाकीचं झाकलं.
"आख्खो इसवण नाका म्हाका. एक खाप पुरो."

मी माउस नेला तिच्या ओळीवर,
कोपऱ्यात हिरवा चौकोन उजळला,
टिचकी मारली, आणि तेवढाच तुकडा
वरच्या पट्टीत ठेवला, बर्फावर ठेवावा तसा.
"आतां?"
आता काही नाही. ओळीत काही बदललं
की हे नाव ठळक होईल. जाड. दाट.
"पेजेभशेन?" ती म्हणाली.
पानाला आम्ही पेज म्हणतो
हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

मग रोज.
फेरी टेकायची, साखळी खडखडायची,
आधी मोटरसायकली, मग शाळेची पोरं,
शेवटी ती, आणि दारातूनच:
"दाट जालां रे?"

जालां, फुजैरा. जालां, कराची.
एकदा झालं ते उगाचच,
दोरोतेयाचा एक 'ए' कुणीतरी दुरुस्त केला होता.
तिला ते सांगताना मलाच ओशाळं वाटलं,
पण ती म्हणाली, बरं आहे,
म्हणजे तिथं कुणीतरी बघतंय.

आमचा खुशाली मानशीकार बाकावर बसून ऐकायचा.
म्हणाला, यात नवं काय?
मी पण अख्खी जुवारी कुठं बघतो?
माझ्या दारापुरतं पाणी बघतो,
चढलं की फळी आपोआप मिटते.
"आणि न चढलं तर?" पियेदादने विचारलं.
खुशालीने विडी विझवली.

न चढण्याचे बारा दिवस आले.
नाव बारीकच राहिलं, फुजैरा, फुजैरा.
मी पट्टीवर हात ठेवून पुन्हा पुन्हा ताजं करून पाहिलं,
केबल काढून फुंकर मारली.
तिने भेंडी आणणं बंद केलं,
येणं नाही.

तेराव्या दिवशी फेरीतून दोघं उतरली.
पुढे ती, मागे एक उंच पोरगा,
डावा हात जॅकेटच्या खिशात, मे महिन्यात.
माझी उधारी त्याने एका हाताने मोजली,
नोटा ओठांत धरून.
मी पडद्याकडे पाहिलं. फुजैरा. बारीक.
खापेत जहाज होतं,
माणूस विमानातून आला होता.

त्याच संध्याकाळी नाव दाट झालं: दरबान.
सांगायला कुणी नव्हतं. खुशालीला सांगितलं.
तो म्हणाला, जाऊं दी.

पट्टीवरून ते काढायचं राहून गेलं.
पुढे नवा संगणक आला, नवा ब्राउझर,
त्यात हिरवा चौकोनच नाही.
खूप शोधला. कंपनीने बंद केला म्हणे,
फारसं कुणी वापरत नव्हतं.

काल ती वीजबिल भरायला आली.
मिंगेल आता बोरीला पंक्चर काढतो,
तीन बोटांनी, पण चांगली काढतो.
पावती घडी करून तिने पिशवीत ठेवली,
दारापर्यंत गेली, थांबली.
"दाट जालां रे, तें तारूं?"
तुला कशाला आता, मी म्हटलं, तुझा तर घरी आहे.
"कोणाचोय आसतलोच मरे तातूंत."

मग मी पान उघडलं, अख्खं,
हसणारा कप्तान, शेअरचा भाव,
आता एकतीस जहाजं,
आणि आम्ही दोघं वरून एकेक ओळ
वाचत खाली उतरू लागलो.