सण्ण म्हणजे किती

ये, बस. दोन चहा सांगितलेत.
आरपीडी क्रॉसवर या वेळेला कॉलेज सुटतं,
मी जरा मोठ्यानं बोलेन, राग मानू नकोस.

तुझी फाइल बघितली, मृण्मयी.
पहिल्याच पानावर लिहिलंयस,
'मला माणसांत रमायला आवडतं.'
ते खोड आधी.
माणसांत रमणारे लग्नात आचाऱ्याशेजारी उभे असतात.
जनसंपर्क म्हणजे फोन उचलणं,
विशेषतः जो उचलू नये असं वाटतं, तो.

इथं दोन्ही भाषा लागतील.
बोर्डावर कुठली वर, कुठली खाली
ते भांडणारे भांडतील, तू दोन्हीकडचं शुद्धलेखन बघ.
आपण सहज लिहितो,
'पाच हजार लोक येतील असं अनुमान आहे.'
कन्नडमध्ये अनुमान म्हणजे संशय.
तिकडं छापून आलं, लोक येतील याचीच शंका.
माझंच पत्रक होतं ते.
मेळाव्याला आले दीडशे.
कन्नड पेपर बरोबर ठरला.

हस, हस.
आणि 'विषाद' तिकडं साधा शब्द,
नळाला पाणी नाही आलं तरी विषाद व्यक्त करता येतो.
आपल्याकडं विषाद मनात राहतो,
पत्रकात नुसती दिलगिरी.

उद्यमबागेत होतो मी, एका फाउंड्रीत, पंधरा वर्षं.
मालकाला वाटायचं शब्दही ओतून मिळतात.
साचा तयार, वाळू दाबलेली,
वरून मजकूर सोडला की झालं.
एका रात्रपाळीत रसाचं भांडं कलंडलं.
परशराम हलगेकर. डावा पाय, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत.
सकाळी सातला मी लिहिलं:
'किरकोळ अपघात. एक कामगार जखमी. उत्पादन सुरळीत.'
मालक खूश.
कन्नड मजकुरासाठी हंचिनमनींना फोन लावला.
ते म्हणाले, 'किरकोळ म्हणजे सण्ण ना?
सण्ण म्हणजे किती, सर? एष्टु?'
मी म्हटलं, लिहा की हो, मोजपट्टी कसली लावताय.
त्यांनी तो शब्दच गाळला.

चौथ्या दिवशी इस्पितळात गेलो,
कंपनीतर्फे, सफरचंदं घेऊन.
परशराम झोपलेला.
त्याची बायको खाली बसून
माझ्याच बातमीवर भाकरी ठेवून खात होती.
किरकोळवर आमटी सांडलेली,
तरी वाचता येत होतं.
तिनं वाचलं होतं का, माहीत नाही.
'भाकरी खाता का?' म्हणाली.
तेवढंच.

मी नोकरी सोडली नाही.
अशा गोष्टी सांगताना लोक सोडल्यासारखं सांगतात.
आणखी चार वर्षं केली तिथंच.
तो शब्द मात्र पुन्हा लिहिला नाही,
दोनदा वाजलंही त्यावरून मालकाशी.

तर लिहून घे आता.
पत्रक टाइप करायच्या आधी जागेवर जा,
शेडमध्ये उभी राहा, धग लागू दे.
बातमीदाराच्या मुलीचं नाव पाठ ठेव,
पण दिवाळीला पाकीट नको. कुंद्याचा डबाही नको,
तो गोड असतो म्हणून चालतो असं वाटतं.
आकडा माहीत नसेल तर म्हण,
'माहीत नाही, चारला सांगते.'
आणि चारला सांग.
पावणेपाचला सांगितलंस तर त्याचं पान गेलेलं असतं
आणि रिकाम्या जागेत कुणीतरी काहीतरी लिहिलेलं असतं.

काय म्हणालीस? पगार?
बरं केलंस विचारलंस,
बाकीची पोरं चहा संपला तरी विचारत नाहीत.
सुरुवातीला खोलीभाडं आणि खानापूरची बस जाऊन
पाव किलो कुंदा परवडेल.
पुढं वाढतो. हळू वाढतो.

खोडलंस ते वाक्य?
तिथं काय लिहू म्हणतेस?
तुझा फोन नंबर लिही.
कधीपासून शोधतोय मी,
अख्ख्या फाइलीत कुठं नाही.