खरं

वडगावच्या कोपऱ्यावरचा तो डबा मीच बांधला.
चार स्क्रू, दोन पट्ट्या, खांबाला आवळून,
तोंड चौकाकडं. माणसाचं कपाळ दिसलं पाहिजे,
कान दिसले पाहिजेत, असं सायबांनी बजावलेलं.
नगामागं एकशे ऐंशी रुपये,
शिडी माझी, पाना माझा.

आता त्याच डब्यानं टिपलेला मी
ठाण्यातल्या टेबलावर पडलोय, कागदावर,
तोंडाभोवती लाल चौकोन.
उजवा हात वर, तोंड उघडं,
पाठीमागं फेरी चाललेली, दंडाला काळ्या फिती,
तारीख एक नोव्हेंबर.
खाली छापलंय: साम्य त्र्याऐंशी टक्के.
उरलेला सतरा टक्के कोण,
ते कुणी विचारलं नाही.

हवालदार हणबरट्टी खानापूरकडचा. चहावाल्या पोराला
हळूच म्हणाला, "साखर कमी घाल रे."
माझ्याशी मात्र कन्नडातच,
कारण भिंतीवर त्याच्याही डोक्यावर एक डबा आहे
आणि त्यातला बारका दिवा विझत नाही.

"खरे हेळ," म्हणाला. खरं सांग.

"होय सायब, मीच हाय तो. खरं..."

आणि तिथंच जीभ अडकली.
आमच्याकडं 'पण' म्हणत नाहीत, 'खरं' म्हणतात.
येतो, खरं उशीर होईल.
पोरगी हुशार, खरं गणितात कच्ची.
पुण्याची वहिनी हसते,
म्हणते, इतकं खरं बोलणारी माणसं
मी कुठं बघितली नाहीत.

हणबरट्टी पेन उचलून थांबला.
'खरं'च्या पुढं काय येतं
हे त्याला शिकवायला नको होतं.

म्हटलं, समोरच्या खांबावर मोनाप्पा चढलेला,
दुसरा डबा लावत. वायर ढिली पडली.
मी खालनं हात केला, ओरडलो,
ओढ, ओढ, अजून ओढ.
तुमच्या डब्याला ऐकू येत नाही सायब.
"ऐकणारे पुढच्या खेपेला येणार हाईत,"
तो मराठीतच म्हणाला, आणि गप्प झाला.

मग लिहीत राहिला, गोल गोल अक्षरं,
ताटात वाटाणे सांडल्यागत.
"सही मराठीत केली तर चालते?"
"चालते," म्हणाला, "खरं..."
वर बघितलं त्यानं, दिव्याकडं,
आणि वाक्य तिथंच ठेवून
शिक्का शोधायला लागला.

बाहेर टपरीवर मोनाप्पा थांबलेला, खांद्यावर वायरचं वेटोळं.
"काय सांगितलंस?"
"खरं सांगितलं."
तो हसला नाही.
पहिल्यांदा माझा हात वर गेला
तेव्हा तो खांबावर होता.
दुसऱ्यांदा गेला
तेव्हा तो खाली उतरून
माझ्या शेजारीच उभा होता, शिडी धरून.